काकूंच्या डाव्या बाजूला

चष्मेकाका जाऊन चार महिने होतात न होतात तोच काकूंनी घरातली सातवी वस्तू फोडली. पहिल्या सहा वस्तूंचं कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. दुःखात हात थरथरतात, कप निसटतो, चालायचंच. पण सातवी वस्तू म्हणजे सुनेनं दिलेली चिनी मातीची किटली, आणि ती काही हातातून निसटली नव्हती. काकूंनी ती टेबलावर ठेवली होती. म्हणजे त्यांच्या मते ठेवली होती. प्रत्यक्षात टेबल संपून चार बोटं पुढे गेल्यावर त्यांनी ती हवेत सोडली, अगदी शांतपणे, आणि सून समोर उभी राहून बघत होती.

सुनेनं तुकडे गोळा केले, फरशी पुसली आणि स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याच्या कानाशी लागली. काकूंचे कान अजून तिखट होते. त्यांना सगळं ऐकू आलं.

"चहासुद्धा कपाच्या बाजूला ओतला परवा. आणि भिंतीला धडकून भिंतीलाच म्हणतात, सरक."

"रविवारची बाबांची स्मृतिसभा होऊ दे," मुलगा म्हणाला. "मग आईला आपल्याकडे नेऊ. या घराला कुलूप लावू. एकटी ठेवायची सोय राहिली नाही आता. तिचं डोकं…"

पुढचं त्यानं गिळलं. गिळलं म्हणून काय झालं? अर्धं वाक्य पूर्ण वाक्यापेक्षा जास्त लागतं. काकू खुर्चीत बसून राहिल्या आणि त्यांनी मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणून पाहिला. आला. एकोणीसचा म्हटला. तोही आला. मग वर्षाचे महिने उलट म्हटले, शेजारणीच्या चारही मुलींची नावं आठवली, लग्नात नेसलेल्या लुगड्याचा काठ आठवला. सगळं जागच्या जागी होतं. तरी उठून आत जायला निघाल्या आणि दाराची चौकट खांद्यावर अशी आदळली की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

आता मात्र त्यांना खरंच भीती वाटायला लागली. डोकं जातं तेव्हा पाढे शेवटपर्यंत शाबूत राहतात की काय, कोण जाणे! ज्याला विचारायचं तो माणूस चार महिन्यांपूर्वी दुकानातल्या स्टुलावर, कोणाच्या तरी चष्म्याचा स्क्रू पिळता पिळता, मान खाली घालून बसला तो उठलाच नाही. हातातला पेचकससुद्धा पडला नव्हता म्हणे. जाताना एवढं सांभाळलं त्यांनी. बायकोला मात्र वाऱ्यावर सोडलं.

"जायचं होतं तर सांगून जायचं होतं," काकू भिंतीवरच्या फोटोला म्हणाल्या. रोज म्हणायच्या. फोटोतले काका चष्म्याच्या वरून बघत होते, आयुष्यभर गिऱ्हाइकांकडे बघत आले तसे.

आता काकांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण रविवारी शाळेच्या हॉलमध्ये बाजारपेठेतले सगळे दुकानदार मिळून तेच सांगणार होते, आणि बरंच चुकीचं सांगणार होते.

चष्म्याचं दुकान घराच्या खालीच. समोर अक्षरांची पाटी, वर मोठं अक्षर, खाली बारीक होत गेलेली. पाटीपुढे एक उंच खुर्ची. कडेला काच घासायचं चाक, त्याच्याखाली पाण्याची पन्हळ, आणि भिंतीला पत्र्याचे लांबट खण. त्या खणांत प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड: नाव, उजवा डोळा, डावा डोळा, नंबर, तारीख. काकू पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. चष्म्याची काडी मोडली होती, आणि खांद्यावर हात ठेवून मागे त्यांचे वडील उभे होते. वडिलांना दिसत नव्हतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, आणि बाराव्या वर्षापासून काकू त्यांची काठी होत्या. काकांनी पाटी वाचायला सांगितली. काकूंनी शेवटची ओळ तर वाचलीच, तिच्याखाली छापखान्याचा पत्ता होता मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तोही वाचून दाखवला.

"आता पाटीच्या मागचं वाचून दाखवा, म्हणजे दुकान तुमच्या नावावर करतो," काका म्हणाले होते.

वर्षभरात लग्न झालं. तेव्हापासून काका त्यांना 'सरकार' म्हणायचे. सरकारची ऑर्डर आली, सरकार रागावलं, सरकार झोपलं. गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. काका बेरकी होते, हसणाऱ्या बाईला म्हणायचे, तुमचा नंबर वाढलेला दिसतोय, वहिनी.

मुलगा लहानपणी भलताच वेंधळा. एका वर्षात त्यानं सात चष्मे हरवले. काका ओरडले नाहीत. हरवल्याचं कळलं की पहाटे उठून चाक फिरवायचे आणि शाळेत जायच्या आधी नवा चष्मा त्याच्या बुटात ठेवलेला असायचा. पाय घालताना तो सापडायचा. आठवा चष्मा मुलानं हरवला नाही. शरम वाटली असावी. मोठा झाल्यावर त्यानं दुकानात बसायला नकार दिला तेव्हाही काका एवढंच म्हणाले, "नको बसू. पण तपासून घेत जा."

आणि नात! तिचा एक डोळा आळशी निघाला. चांगल्या डोळ्यावर सहा महिने पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळा कामाला लागेल असं ठरलं. पाच वर्षांची पोर, पट्टी बघून तिनं घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी काका डोळ्याला पट्टी लावून दुकानात बसले. सहा महिने, रोज. एका डोळ्यानं स्क्रू पिळले, एका डोळ्यानं काचा घासल्या, दोन बोटं कापून घेतली. गिऱ्हाइकं म्हणायची, अहो, चष्मेवाल्याचाच डोळा गेला तर आम्ही कोणाकडे जायचं? काका म्हणायचे, मी तुमची अर्धीच फजिती बघतोय, बरं आहे ना! पोर हसायला लागली आणि पट्टी टिकली.

म्हणजे माणूस असा होता. घरच्यांसाठी जिवाचं रान करणारा, आणि तेही न सांगता. न सांगता, हे नीट लक्षात ठेवा.

काही खोडी मात्र म्हातारपणी लागल्या होत्या. रस्त्यावर चालताना काका काकूंच्या डाव्या बाजूलाच चालणार. लग्नाच्या जेवणात बसायचं असो, दवाखान्यातल्या बाकड्यावर असो, उठून, माणसं हलवून, माफी मागून डावीकडे येणार. "पहारेकरी," काकू चिडवायच्या. एकदा त्यांनी घरातल्या चांगल्या टेबलाचे कोपरे कानशीनं घासून गोल केले. माहेरचं टेबल ते! काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. कपाट दाराच्या डावीकडून उजवीकडे गेलं. गरम किटली काकूंच्या हातून काढून घ्यायचे, "दे इकडे, सरकारचा हात भाजेल."

आणि सकाळी आठला, संध्याकाळी सातला, थेंब. फ्रिजच्या दारात एक इवलीशी बाटली असायची. तिच्यावरचा छापील कागद काढून काकांनी स्वतःच्या हातानं चिठ्ठी चिकटवलेली, 'सरकार. थंड.' काकू मान मागे टाकायच्या, काका दोन बोटांनी पापणी उघडून एकेक थेंब सोडायचे. "कसले हो हे?" त्यांनी सुरुवातीला विचारलं होतं. "डोळे थंड राहतात," काका म्हणाले होते. "दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघतो, दोनदा तुझ्या बघू दे की." असं म्हटल्यावर पुढे कोण विचारतं?

काका गेल्यावर सून एकदा बाटली घेऊन आली होती. "आई, मी घालू का थेंब?" काकू तिच्या अंगावर ओरडल्या, "ठेव ती जागेवर! हात लावायचा नाही कोणी." त्यांच्या हातचे थेंब दुसऱ्याच्या हातून घ्यायचे, हे त्यांना सोसवेना. बाटली फ्रिजमध्ये तशीच राहिली. काकू रोज दार उघडून तिच्याकडे बघायच्या आणि दार लावायच्या.

गुरुवारी नात आली. आता एकोणीस वर्षांची होती, कॉलेजात जाणारी. काकूंच्या चष्म्याची नाकावरची गादी निघाली होती, सभेच्या आधी ती बसवून आणायची होती. आपलं दुकान बंद, म्हणून दुसऱ्या पेठेतल्या दुकानात जावं लागणार, हेच काकूंना मरणप्राय वाटत होतं. नातीच्या खांद्याला जड पिशवी. ती बोलत बोलत काकूंच्या उजव्या बाजूनं चालू लागली. शंभर पावलंही झाली नसतील. भाजीवाल्याची सायकल पदपथाला टेकून उभी होती, डावीकडे, भर उजेडात, पाठीमागे पाट्या बांधलेली. काकू सरळ तिच्यात घुसल्या. सायकल, पाट्या आणि काकू, तिन्ही खाली. हनुवटी फुटली.

भाजीवाला आधी ओरडला आणि मग रक्त बघून पाणी घेऊन धावला. नात रस्त्यातच रडायला लागली.

"माझी चूक झाली, आजी. मी चुकीच्या बाजूला होते. आजोबांनी शंभरदा सांगितलं होतं मला."

"काय सांगितलं होतं?"

"तुझी डावी बाजू सोडायची नाही म्हणून. ते नसतील तेव्हा मी. मी आठ वर्षांची होते तेव्हापासून. ते म्हणायचे आपला खेळ आहे, आजीला कळलं तर आपण हरलो."

काकू पदपथाच्या कडेला बसल्या होत्या, हनुवटीला रुमाल लावून. त्यांनी रुमालाची घडी पालटून कोरडी बाजू लावली. मग म्हणाल्या, "दुकानाची किल्ली आहे तुझ्याकडे?"

चार महिन्यांनी शटर वर गेलं. आत धूळ, चाकाखालच्या पन्हळीत पाणी आटून पांढरा थर. काकांचा पांढरा कोट खुंटीला. काकू त्या उंच खुर्चीत जाऊन बसल्या. शेहेचाळीस वर्षं त्या या दुकानात वावरल्या होत्या. हजारो माणसांना त्यांनी या खुर्चीत बसून एक डोळा झाकताना पाहिलं होतं. आधी उजवा झाका, आता डावा झाका, हे काकांचे शब्द त्या झोपेतही म्हणाल्या असत्या. पण त्यांनी स्वतः एक डोळा शेवटचा कधी झाकला होता? आठवेना. गेली अकरा-बारा वर्षं काका त्यांना पाटीपुढे बसवतच नव्हते. "तुझा नंबर मला माझ्या नावापेक्षा पाठ आहे," म्हणायचे आणि काचा बनवून द्यायचे. चष्मेवाल्याच्या बायकोला कोण म्हणणार, डोळे तपासून घ्या?

"दिवा लाव," त्या नातीला म्हणाल्या.

पाटी उजळली. काकूंनी डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. वरच्या चार ओळी वाचल्या. कडेची अक्षरं धुक्यात गेल्यासारखी होती, पण वाचल्या. मग त्यांनी उजव्या डोळ्यावर तळवा ठेवला.

पाटी गेली. दिवा गेला. भिंत, चाक, खुंटीवरचा कोट, समोर उभी असलेली नात, सगळं गेलं. अंधारही नव्हता. तिथे काही नव्हतंच.

"दिवा विझवलास का गं?"

"नाही, आजी."

काकूंनी तळवा काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. तीनदा, चारदा केलं. मग त्यांच्या तोंडातून असा आवाज निघाला की नातीनं धावत येऊन त्यांना मिठी मारली. वडिलांचा हात खांद्यावर पडल्यासारखं त्यांना झालं. दहा वर्षं जो हात वाहिला, तो हात.

"कार्ड शोध," त्या म्हणाल्या. "माझं कार्ड. माझं असणारच."

नातीनं पत्र्याचे सगळे खण उपसले. अख्ख्या पेठेचे डोळे त्या खणांत होते, मेलेल्यांचेही होते. काकूंचं कार्ड नव्हतं. शेवटी ते सापडलं खुंटीवरच्या कोटात, आतल्या खिशात, घडी घालघालून मऊ झालेलं. काकूंनी ते वाचायला हातात घेतलं आणि परत दिलं. "तूच वाच. मोठ्यानं."

नातीनं वाचलं. एक कार्ड नव्हतंच ते, एकमेकांना चिकटवलेली सहा होती. अकरा वर्षांपूर्वीची पहिली तारीख, शेजारच्या शहरातल्या डॉक्टर मित्राचं नाव, दोन्ही डोळ्यांपुढे एकच शब्द, काचबिंदू. मग दर सहा महिन्यांच्या तारखा, डोळ्यांतल्या दाबाचे आकडे. काकूंना त्या सगळ्या तारखा ओळखीच्या वाटल्या. दर सहा महिन्यांनी काका फ्रेम आणायला त्या शहरात जायचे आणि त्यांना बरोबर न्यायचे. आलोच आहोत तर मशीनवर बघून घेऊ, म्हणायचे. नंतर आईस्क्रीम. काकू त्या सहलीची वाट बघायच्या. तो डॉक्टर दोन वर्षांपूर्वी वारला तेव्हा काका घरात खोली बंद करून बसले होते. मित्र गेला म्हणून, असं काकूंना वाटलं होतं.

"नऊ वर्षांपूर्वीची तारीख आहे," नात म्हणाली. "पुढे लिहिलंय, डावा संपला."

"पुढे?"

"उजवा टिकवायचा." तिनं पुढचं कार्ड उलगडलं. "आणि औषधाचं नाव. खाली लिहिलंय, आठ आणि सात. एक दिवसही चुकता कामा नये. खाली दोन रेघा मारल्यात, आजी."

काकूंना फ्रिजचं दार दिसलं. दारातली बाटली दिसली. चार महिने. दिवसातून दोनदा. त्यांनी रोज ते दार उघडलं होतं आणि लावलं होतं.

शुक्रवारी मुलानं त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, सभ्य होत्या, पण त्यांनी विचारायचं ते विचारलंच. "थेंब का बंद केलेत?" काकू काय सांगणार, प्रेमापोटी? उजव्या डोळ्याची कड आणि खालची बाजू गेली होती. त्यातलं बरंचसं या चार महिन्यांत. "गेलेलं परत येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेलं किती टिकेल ते आत्ता सांगता येणार नाही. पण थेंब चुकवलेत तर टिकणार नाही, एवढं नक्की सांगते."

बाहेर आल्यावर मुलगा पायऱ्यांवरच थांबला.

"अकरा वर्षं! मला नाही, तुला नाही, कोणालाच नाही! समोरच्या औषधवाल्याला विचारून आलो मी. त्याला वाटायचं थेंब बाबांच्याच डोळ्यांसाठी आहेत. हे काय वागणं झालं, आई? आणि मी… मी समजत होतो तुझं डोकं गेलं. मी तुझ्या घराला कुलूप लावायला निघालो होतो."

"अजून लाव," काकू म्हणाल्या. "आता तर कारणही आहे."

त्यांना त्याला दुखवायचं नव्हतं. पण कोणाला तरी दुखवायचं होतं, आणि ज्याला दुखवायचं तो हाताशी नव्हता.

घरी येऊन त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या आणि मनसोक्त भांडल्या. अहो, मी काय बाहुली होते? माझे डोळे, माझा आजार, आणि मलाच ठाऊक नाही? कोपरे कसले घासता, तोंड उघडायचं होतं! एक चिठ्ठी लिहून ठेवायला काय धाड भरली होती? लोकांना नंबर सांगत जन्म गेला, बायकोला एक शब्द सांगवेना? बोलता बोलता त्या एकाएकी थांबल्या. आठवलं. कुठून आठवलं कोण जाणे, पण लख्ख आठवलं, सतराच्या पाढ्यासारखं.

लग्न ठरल्यानंतरची संध्याकाळ. वडिलांना घरी सोडून दोघं नदीच्या बाजूनं चालत निघाली होती. काकूंचा खांदा पहिल्यांदाच मोकळा होता. त्या म्हणाल्या होत्या, "बाबांना डॉक्टरनी सांगितलं त्या दिवसापासून ते मेल्यासारखे झाले. डोळे जायला पुढे पाच वर्षं लागली, पण माणूस त्याच दिवशी गेला. मला कधी असं काही झालं ना, तर मला सांगू नका. वचन द्या." काका चष्म्याच्या वरून बघत म्हणाले होते, "दिलं."

पोरीबाळीचं बोलणं ते. काकू दुसऱ्या दिवशी विसरल्या. त्या माणसानं शेहेचाळीस वर्षं लक्षात ठेवलं.

त्या फोटोखाली जमिनीवर बसल्या. आता भांडायलाही जागा राहिली नव्हती.

रविवारी संध्याकाळी शाळेचा हॉल गच्च भरला. पहिल्या रांगेत काकू, त्यांच्या उजवीकडे नात, मग मुलगा आणि सून. काकूंच्या डावीकडची खुर्ची रिकामी होती. एवढ्या गर्दीत ती कशी रिकामी राहिली, देव जाणे. बसायला कोणी आलं असेल तर इतक्या वर्षांच्या सवयीनं मागे फिरलं असेल.

भाषणं झाली. शिंपी म्हणाला, काकांनी मला सुईत दोरा ओवायची दृष्टी परत दिली. शाळेचे हेडमास्तर म्हणाले, आदर्श पती, आदर्श पिता, आदर्श आजोबा, आणि त्यांनी प्रत्येक शब्दानंतर टाळ्यांसाठी थांबून घेतलं. औषधवाला म्हणाला, असा संसार डोळ्यांत तेल घालून करणारा माणूस मी पाहिला नाही. मग कोणीतरी काकूंचं नाव घेतलं.

त्या उठल्या. नातीचा हात सोडून, पायऱ्या पायानं चाचपत वर गेल्या.

"मला तुम्ही अर्धेच दिसताय," काकू म्हणाल्या. "डावीकडे कोण बसलंय ते मला दिसत नाही. नऊ वर्षं माझा डावा डोळा गेलेला आहे. ह्यांना माहीत होतं. मला गुरुवारी कळलं."

खुर्च्या कुरकुरल्या. मुलगा अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"तुम्ही सगळे म्हणालात ते खरं आहे. चांगला माणूस होता. इतका चांगला, की मला करायला काही ठेवलंच नाही. माझे डोळेसुद्धा तेच सांभाळत होते. मीच सांगितलं होतं त्यांना, मला कळू देऊ नका म्हणून. बावीस वर्षांची होते, अक्कल नव्हती. त्यांनी तरी ऐकायचं नव्हतं! एकदा तरी वचन मोडायचं होतं. आता कोणाशी भांडू मी? घरी जाऊन तुम्ही एक करा. एकेक डोळा झाकून बघा. आणि जे दिसेल, ते एकमेकांना सांगा. मेहेरबानी करा, सांगा."

एवढं बोलून त्या खाली आल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवली. सात वाजले होते. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. नवी, छापील कागदाची. नात पळत वर आली.

"आजी, दे, मी घालते."

"नको. मलाच आलं पाहिजे."

त्यांनी मान मागे टाकली. सहा हजारांवर वेळा टाकली असेल, पण तेव्हा वर काकांचा चेहरा असायचा. आता छताचा पंखा होता. पहिला थेंब गालावर पडला आणि ओघळला. मागच्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला, त्यांना वाटलं काकू रडताहेत. दुसरा थेंब भुवईवर पडला. त्यांनी बाटली नीट डोळ्यावर आणली, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी पापणी उघडली, आणि तिसरा थेंब डोळ्यात गेला. थंड होता.

डोळा मिटून त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग उघडला. उजवीकडची माणसं हळूहळू जागेवर आली. त्या पायऱ्या उतरून आपल्या खुर्चीत बसल्या. आणि मग, काका गेल्यानंतर पहिल्यांदाच, त्यांनी अख्खी मान वळवून आपल्या डाव्या बाजूला पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.